पाणी समोर असताना थांबायचं कशाला?

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०

वाटेत पाणी दिसतं, इथिओपियाचा तो अधिकारी रथ थांबवतो आणि फिलिप त्याला तिथेच बाप्तिस्मा देतो. मग आज ख्रिस्तसभा मोठ्या माणसाला महिनोन्‌महिने का थांबवते? कृपा फुकट आहे ना?

नीट वाचा. तो यरुशलेमहून उपासना करून परतत होता, हातात यशयाचं पुस्तक होतं. फिलिप भेटण्याआधीच त्याची तयारी सुरू झाली होती!

सुरुवातीच्या शतकांत काही ठिकाणी ही तयारी तीन वर्षं चाले. १९७२ मध्ये रोमने प्रौढांसाठी तो टप्प्याटप्प्याचा विधी पुन्हा आणला. दीक्षार्थी रविवारी शुभवर्तमान आणि प्रवचन ऐकतात, मग ख्रिस्तप्रसादाआधी त्यांना प्रेमाने निरोप देतात. आपल्याला, सगळं एका क्लिकवर हवं असणाऱ्यांना, हे जरा कठोरच वाटतं. पण मला यात आदर दिसतो. ईस्टरच्या जागरणापर्यंत त्या माणसाला 'नाही' म्हणायची मोकळीक असते. कुणी फक्त लग्न ठरलंय म्हणून आलं असेल, तर त्यालाही. (कॅथलिकाशी चर्चमध्ये लग्न करायला बाप्तिस्मा घ्यावाच लागतो असं नाही; बिशपांकडून परवानगी मिळू शकते.) 'नाही' म्हणताच येत नसेल, तर त्या 'हो'ला काय अर्थ?

तुमच्या पॅरिशमध्ये कुणी तयारी करत असेल, तर त्याला तारीख विचारू नका. आज त्याच्यासाठी प्रार्थना करा.