तिसरा कोण?

मी बँकेत कारकून. दिवसभर लोकांचे पैसे मोजतो आणि स्वतःचे हप्ते भरायचे विसरतो. आमची गाडी म्हणजे एका डॉक्टरांनी दहा वर्षं वापरून सोडलेली मारुती. तिचा विमा उतरवायला एजंट आला.

“साहेब, थर्ड पार्टी घेतलीत तर तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं की कंपनी देणार. कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतलीत तर तुमच्या गाडीचंही देणार. चोरी, आग, पूर, सगळं.”

“सक्तीचं कुठलं?”

“थर्ड पार्टी. १९८८ चा कायदा आहे.”

हे मला जरा झोंबलं. माझी गाडी पुरात गेली तरी कायद्याला सोयरसुतक नाही! करारात पहिला मी, दुसरी कंपनी. तिसरा कोण, तर ज्याचं नाव-गावही ठाऊक नाही असा रस्त्यावरचा इसम. आणि त्याची बडदास्त पाहा. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला ७.५ लाखांची मर्यादा आहे, पण जीव गेला किंवा हातपाय मोडला तर मर्यादाच नाही. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम. माझी गाडी चोरीला गेली तर मात्र घसारा वजा जाऊन उरेल तेवढंच. बंपर फुटला तर प्लास्टिक म्हणून निम्मे पैसे कापणार. (मी कॉमर्सचा. घसाऱ्यानं कॉलेजातही माझे मार्क असेच कापले होते.)

स्वस्त म्हणून थर्ड पार्टी घेतली.

“अहो, म्हणजे आपलं काहीच नाही?” हिनं विचारलं.

“आहे ना. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. पण बहुतेक मी गेल्यावर.”

ही गप्प झाली. हिशेब करत असावी.

पुढच्या वर्षी मुदत संपली आणि अकरा दिवस मला पत्ताच नव्हता. बाराव्या दिवशी सकाळी आठवलं. ऑफिसला उशीर झालेला. एका दिवसानं काय होतंय म्हणून गाडी काढली. मंडईच्या कोपऱ्यावर एक आजोबा पिशवी सांभाळत एकदम समोर आले. ब्रेक करकचून दाबला. गाडी वीतभर अंतरावर थांबली. मेथीची जुडी चाकाखाली गेली.

मी धावत उतरलो. “आजोबा, लागलं नाही ना?”

आधी भडकलेले आजोबा माझा चेहरा पाहून विरघळले. मेथीचे पैसे देऊ केले तर घेईनात. “राहू दे रे. हल्ली उतरून विचारतो कोण? चांगल्या घरचा दिसतोस.”

आता खरं सांगतो. ब्रेक दाबताना माझ्या डोक्यात आजोबा नव्हतेच. ‘मेलो, विमा संपलाय!’ एवढंच होतं. विमा चालू असता तर मी इतक्या कळवळ्यानं उतरलो असतो का? की खिडकीतूनच चार शब्द सुनावून निघून गेलो असतो? बँकेत दिवसभर खातेवही चुकत होती.

संध्याकाळी एजंटाला बोलावलं.

“साहेब, या वेळी गाडीचंही करून टाका.”

“गाडीचं राहू दे. आधी त्या आजोबांचं कर.”

“कोण आजोबा? नात्यातले का?” म्हणत तो फॉर्मात रकाना शोधू लागला.