स्टेजच्या पुढचा प्रश्न

वऱ्हाडात कॅन्सरचं नाव घरात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती स्टेज सांगितली? अकोल्यात असो, अचलपुरात असो की दर्यापूरच्या एखाद्या खेड्यात, पाहुणे ओसरीवर टेकण्याआधी हेच विचारतात. त्या उत्तरावर एकर-दोन एकर विकायचं की नाही, पोरीचं लग्न याच उन्हाळ्यात उरकायचं का, इथपर्यंतचे निर्णय होतात.

प्रश्न चुकीचा नाही. गाठ केवढी, जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोचला का, दूर कुठे पसरला का, यावरून पायरी ठरवण्याची पद्धत फ्रान्सच्या पिएर देन्वा यांनी १९४० च्या दशकात बसवायला घेतली आणि आजही जगभरचे डॉक्टर पहिला अंदाज तिच्यावरच बांधतात. पण एकाच पायरीवरच्या दोघांचं ऑपरेशन सारखं होतं, किरणांचे शेक सारखे दिले जातात, आणि एकाची गाठ सहा महिन्यांत परत येते तर दुसरा पाच वर्षांनीही शेतात उभा असतो. नशीब म्हणून हा फरक सोडून द्यायला जे तयार झाले नाहीत, त्यांच्यामुळे कॅन्सरचा विचार पुढे गेला.

त्यांतल्या काहींनी पेशीच्या आत पाहिलं. जर्मनीच्या थिओडोर बोव्हेरींनी १९१४ साली मांडलं की कॅन्सरचं मूळ पेशीतल्या बिघडलेल्या गुणसूत्रांत असावं. पुरावा मिळायला दशकं गेली. १९७६ मध्ये बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने दाखवलं की कोंबड्यांमध्ये कॅन्सर करणाऱ्या विषाणूचं जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतलं आहे. म्हणजे रोगाचं बी बाहेरून आलेलं नाही, आपल्याच पेशीतलं जनुक बिघडलेलं आहे. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल यांनी लिहिलं की गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा गोळा नव्हे. तिच्यात वेगवेगळ्या वाणाच्या पेशी असतात, औषधाला दबतात त्या मरतात आणि उरलेल्यांची पैदास होते.

नॉवेलचं हे म्हणणं आपल्याकडच्या शेतकऱ्याला फोड करून सांगावं लागत नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला, काही वर्षं बोंडअळी दबली. त्या विषाला पुरून उरलेल्या गुलाबी अळ्यांचीच पुढे वीण वाढली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातली बोंडं आतून पोखरून निघाली. केमोला सुरुवातीला विरघळलेली गाठ वर्षभराने परत उठते तेव्हा घडतं ते हेच.

दुसरा विचार प्रतिकारशक्तीचा, आणि त्याच्या वाट्याला हेटाळणी जास्त आली. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी पाहिलं की धावरं झालेल्या एका रुग्णाची गाठ तापानंतर विरून गेली. १८९१ पासून ते रुग्णांना मुद्दाम जंतू टोचू लागले. काहींना गुण आला, अनेकांना नाही. मग किरणोपचार आले आणि कोली मागे पडले. बर्नेट यांनी १९५७ मध्ये पुन्हा सुचवलं की शरीर बिघडलेल्या पेशी रोजच हुडकून मारत असावं. १९७० च्या दशकात स्टुटमन यांच्या प्रयोगांत प्रतिकारशक्ती नसल्याचं समजल्या जाणाऱ्या उंदरांना इतरांपेक्षा जास्त गाठी झाल्या नाहीत, आणि बहुतेकांनी ही कल्पना मोडीत काढली. त्या उंदरांमध्ये प्रतिकारशक्ती पूर्ण गेलेली नसते, हे नंतर कळलं. २००१ मध्ये श्रायबर यांच्या गटाने ती खरोखर नसलेले उंदीर वापरले, तेव्हा गाठी वाढलेल्या दिसल्या. एका अपुऱ्या प्रयोगापायी एक बरोबर विचार पाव शतक पडून राहिला, याची मला हळहळ वाटते. तेवढ्या काळात किती घरं गेली!

पुढची उडी २००६ ची. पॅरिसच्या जेरोम गलाँ यांनी मोठ्या आतड्याच्या गाठींमधल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी, मोजल्या. त्या किती आहेत आणि गाठीच्या गाभ्यात आहेत की कडेला, यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज स्टेजपेक्षाही नेमका येत होता. तोवर जपानचे होंजो आणि अमेरिकेचे ॲलिसन यांनी टी-पेशींवरचे ब्रेक शोधले होते. गाठ हेच ब्रेक दाबून वाचते. ते सोडवणाऱ्या औषधांचं शास्त्र उभं केल्याबद्दल दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आता आपल्या तोंडाच्या कॅन्सरकडे येतो. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं आणि तिथले पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरचा मोठा आढावा छापला. हा रोग इथे एवढा का आणि तंबाखू चघळण्याशी त्याचा संबंध काय, हे प्रश्न त्यांनी इथल्याच रुग्णांवरून विचारले. आज वऱ्हाडात पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा मिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी गालाच्या आत पुडी धरलेली विशीतली पोरं दिसतात. ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही अशा पोराला आरशासमोर उभं करून पाहावं, गालाच्या आतला भाग पांढुरका आणि चामड्यासारखा ताठ झालेला असतो.

२०१३ मध्ये कल्याणीची राष्ट्रीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचं टाटाचं संशोधन केंद्र यांच्या पथकाने याच जागेच्या, गाल आणि हिरडीच्या, गाठींची जनुकं वाचली. पुन्हा पुन्हा मोडलेल्या दिसलेल्या जनुकांत एक होतं कॅस्पेज-८. बिघडलेल्या पेशीला ‘आता मर’ हा निरोप आत पोचवण्याचं काम ते करतं, आणि मारेकरी टी-पेशीही आपला एक निरोप याच वाटेने पाठवतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अनेक प्रकारच्या हजारो गाठींची माहिती चाळली. टी-पेशींचा मारा जिथे जोरात होता, त्या गाठींत कॅस्पेज-८ मोडलेलं जास्त सापडलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. जनुक आणि प्रतिकारशक्ती असे दोन विषय राहतच नाहीत. शरीर मारायला येतं म्हणून गाठीत तेच जनुक मोडलेल्या पेशी टिकतात, आणि रुग्णाचं भविष्य या झटापटीत ठरतं.

या झटापटीचा पुरावा आपल्याकडचे लोक हातात घेऊन हिंडतात. अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेल्या नातेवाइकाच्या पिशवीत फाइलसोबत एक लहान प्लास्टिकची थैली असते. तिच्यात काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, नखाएवढा मांसाचा तुकडा आत बसवलेला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या त्या संताच्या नावाने उभ्या असलेल्या वास्तूत, ही थैली उशाशी ठेवून माणसं टाटाच्या तारखेची वाट पाहतात. ‘गाठ तं काढली, मंग ह्या तुकड्याचं काय काम?’ असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर असं की गाठीची जनुकं आणि तिच्याभोवती गोळा झालेल्या टी-पेशी, दोन्ही त्या मेणात जशाच्या तशा थांबलेल्या आहेत.

उपचारांत भिंत उभी राहते पैशाची. ब्रेक सोडवणारं निव्होलुमॅब पूर्ण मात्रेत घेणं आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपत नाही. टाटाच्या विजय पाटील, वनिता नरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी विचारलं, एवढी मात्रा लागतेच का? दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅमऐवजी त्यांनी तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम दिलं, सोबत तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं. डोकं आणि मानेच्या बळावलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्के होतं, निव्होलुमॅबची भर पडल्यावर ते ४३.४ टक्के झालं. खानोलकरांप्रमाणेच इथेही प्रश्न इथल्या रुग्णातून उठला, म्हणून उत्तर इथल्या रुग्णाच्या कामी आलं. रुग्णाच्याच टी-पेशी बदलून वापरणारी, मुंबई आयआयटी आणि टाटाने मिळून घडवलेली कार-टी उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे. खर्रा खाणाऱ्याच्या गालापर्यंत ती आलेली नाही.

त्या ४३ टक्क्यांच्या पलीकडे निम्म्याहून अधिक माणसं वर्षाच्या आत गेली, हेही त्याच आकड्यात आहे. कोण वाचेल हे आधी ओळखायचं तर शेकडो गाठींची जनुकं आणि टी-पेशी एकत्र तपासाव्या लागतील, आणि त्या गाठी खर्रा जिथे खाल्ला जातो तिथल्या हव्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरने गेले, त्याला अर्धशतक उलटलं, आणि नागपुरात त्यांच्या नावाचं प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे. अकोला-अमरावतीच्या प्रयोगशाळांनी ब्लॉक नीट क्रमांक घालून वर्षानुवर्षं जपले, त्या रुग्णाचं पुढे काय झालं याची नोंद त्याच क्रमांकाशी ठेवली आणि नागपूर-मुंबईच्या संशोधकांना दिली, तर पुढचा अभ्यास वऱ्हाडातल्या गाठींवर उभा राहू शकतो. त्यासाठी पहिल्या दिवशी महागडी यंत्रं लागत नाहीत. एक कोरडं कपाट लागतं, एक नोंदवही, आणि वर्षातून एकदा प्रत्येक घरी फोन करणारा एक माणूस.