खांब वाकतो, पण कोणत्या बाजूला?

सडपातळ खांबावर अगदी मधोमध, सरळ खाली दाबणारा भार हळूहळू वाढवत नेला, तर सुरुवातीला खांब फक्त किंचित आखूड होतो. भार एका मर्यादेला पोचला की मात्र त्याचे वागणे एकदम बदलते. लोखंड चेपलेले नसते, लाकूड चिरलेले नसते, तरीही खांब बाजूला फुगून वाकतो आणि आणखी भार पेलेनासा होतो. या प्रकाराला बकलिंग म्हणतात आणि त्या मर्यादेला क्रांतिक भार. खांबाची दोन्ही टोके जागेवर धरलेली पण फिरायला मोकळी असतील, तर हा भार काढण्याची रीत छोटी आहे: पायचा वर्ग, पदार्थाचा ताठपणा सांगणारा यंग गुणांक आणि छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो हे सांगणारा मोमेंट ऑफ इनर्शिया यांचा गुणाकार करायचा आणि त्याला लांबीच्या वर्गाने भागायचे.

जालना जिल्ह्यात बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी कुठल्याही बांधकामावर सापडणारी १२ मि.मी.ची सळई उदाहरणाला पुरेशी आहे. पोलादाचा यंग गुणांक दर चौरस मि.मी.ला सुमारे २ लाख न्यूटन. या सळईच्या छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे १,०१८ मि.मी.चा चतुर्थ घात. एक मीटर लांबीचा तुकडा घेतला तर क्रांतिक भार येतो सुमारे २,००९ न्यूटन, म्हणजे २०५ किलो. लांबी दोन मीटर केली की तो ५१ किलोवर उतरतो. अर्धा मीटर केली की ८२० किलोवर चढतो. हीच सळई ५०० दर्जाच्या पोलादाची असेल तर नुसत्या दाबाने दबून जायला तिला जवळजवळ पावणेसहा टन लागतील. मीटरभर लांब सळई त्याच्या अठ्ठाविसाव्या भागातच हार मानते.

सूत्रात दोन गोष्टी मुळीच नाहीत. एक, पदार्थाची ताकद. पोलाद ५०० दर्जाचे असो की २५०, यंग गुणांक तोच राहतो, त्यामुळे लांब सळईचा क्रांतिक भारही तोच. दुसरी उणीव अधिक खोल आहे. खांब किती भाराला वाकेल हे सूत्र सांगते. कोणत्या बाजूला वाकेल हे सांगत नाही. गोल सळईला सगळ्या दिशा सारख्याच. पूर्ण सरळ, पूर्ण एकजिनसी आणि तंतोतंत मध्यावर भार असलेला खांब पूर्वेला वाकला काय नि पश्चिमेला वाकला काय, समीकरणाला दोन्ही मान्य आहे. सरळ उभे राहणेही मान्य आहे. फक्त ती अवस्था आता अस्थिर झालेली असते. तरी प्रत्यक्षात प्रत्येक सळई एकाच कुठल्यातरी बाजूला वाकते. ती बाजू कोण ठरवते? यंत्रशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न सहसा एका वाक्यात उरकला जातो. कार्यकारणाचा विचार करणाऱ्या दर्शनांना आणि धर्मांना मात्र तो फार जुना आहे.

गॉटफ्रीड लायब्निझ आणि सॅम्युअल क्लार्क यांच्यात १७१५-१६ मध्ये झालेल्या पत्रव्यवहाराचा हाच गाभा होता. पुरेशा कारणाशिवाय काहीही घडत नाही, हे लायब्निझचे तत्त्व. त्यासाठी तो आर्किमिडीजच्या तराजूचा दाखला देतो: दोन्ही पारड्यांत सारखे वजन असेल तर तराजू हलत नाही, कारण एका बाजूला झुकण्याचे कारणच नसते. क्लार्कचे उत्तर असे की दोन पर्याय सर्वस्वी सारखे असले तरी ईश्वराची इच्छा हेच पुरेसे कारण ठरते. खांब या वादाला तराजूपेक्षा कडक कसोटी लावतो. तराजू स्थिर राहून सुटतो. क्रांतिक भार ओलांडलेल्या खांबाला तशी सुटका नाही, त्याला झुकावेच लागते.

आणि ज्याने हे गणित मांडले तो लिओनार्ड ऑयलर स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. १७४७ मध्ये त्याने ईश्वरी प्रकटीकरणाच्या समर्थनार्थ एक पुस्तिकाही लिहिली. वाकलेल्या पट्टीच्या आकारांचे गणित आले ते १७४४ च्या त्याच्या महत्तम-लघुतम वक्रांवरील ग्रंथाच्या परिशिष्टात. त्याची प्रेरणा डॅनियल बर्नुलीच्या १७४२ मधील सूचनेची होती: वाकलेल्या पट्टीत साठलेली शक्ती कमीत कमी होईल असा आकार शोधावा. परिशिष्टाच्या आरंभी ऑयलर भूमिका मांडतो की विश्वाची रचना परमज्ञानी कर्त्याची असल्याने निसर्गात जे घडते त्यात कुठेतरी महत्तम किंवा लघुतम दिसलेच पाहिजे. म्हणून एकच घटना दोन वाटांनी समजून घेता येते, मागून ढकलणाऱ्या कारणांनी किंवा पुढच्या हेतूने. क्रांतिक भाराचा शोध हा असा थेट एका धर्मश्रद्धेच्या अंगणात लागलेला आहे.

परंतु ऑयलरने त्या जागी एक गोष्ट लिहिली नाही, जी त्याच्याच गणितातून निघते. डावीकडे वाकलेल्या आणि उजवीकडे वाकलेल्या खांबात साठलेली शक्ती अगदी सारखी असते. दोन्ही आकार सारखेच लघुतम. म्हणजे हेतूच्या वाटेने गेले तरी बाजू ठरत नाही आणि बलांच्या वाटेने गेले तरी ठरत नाही. दोन्ही वाटा नेमक्या एकाच ठिकाणी थांबतात. यावरून ईश्वर नाही असे सिद्ध होत नाही. मात्र खांबाच्या गणितातून त्याचा हेतू वाचता येतो, ही समजूत इथे टिकत नाही. या मौनाची जागा ईश्वरेच्छेने भरणे आणि निव्वळ योगायोगाने भरणे, दोन्ही सारखेच घाईचे आहे.

भारतीय परंपरेत या घाईविरुद्धची सावधगिरी पुरातन आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीलाच जगाच्या कारणाचे पर्याय एकामागून एक मांडून तपासले आहेत: काल, स्वभाव, नियती, यदृच्छा, महाभूते, पुरुष. खांबाच्या बाबतीत स्वभावाचा वाटा स्पष्ट आहे. किती भाराला वाकायचे हे खांबाच्या द्रव्यात, छेदात, लांबीत आणि टोकांच्या बांधणीत आधीच ठरलेले असते. दोन्ही टोके घट्ट आवळली तर क्रांतिक भार चौपट होतो; खाली घट्ट आणि वर मोकळा ठेवला तर चौथाई. सांख्यांचा सत्कार्यवाद, म्हणजे कार्य कारणात आधीपासूनच असते हे मत, इथपर्यंत चोख लागू पडते. बाजूच्या बाबतीत मात्र तो अडतो. आदर्श खांबात पूर्वेचे वाकणे जितके दडलेले आहे तितकेच पश्चिमेचे. मग एकच का प्रकट व्हावे?

वैशेषिकांकडे या प्रश्नासाठी अधिक कामाची हत्यारे आहेत. वाकवलेली फांदी किंवा धनुष्य सोडल्यावर पूर्ववत होते, या गुणाला प्रशस्तपादाने स्थितिस्थापक हा संस्कार मानून वेग आणि भावना यांच्या जोडीला बसवले. क्रांतिक भार म्हणजे नेमकी ती मर्यादा, जिथे बाजूला ढकललेल्या खांबाला परत सरळ आणायला हा संस्कार अपुरा पडतो. आणि दिसणाऱ्या कारणांनी उलगडा होईना तिथे वैशेषिकसूत्रे ‘अदृष्ट’ सांगतात: चुंबकाकडे सरकणारी सुई, वर जाणारी अग्निज्वाला, झाडात चढणारे पाणी. अदृष्टावर पुढे पुष्कळ टीका झाली. न दिसणाऱ्या कारणाच्या नावाखाली अज्ञान झाकता येते, हा आक्षेप रास्तच आहे. पण खांबापुरते अदृष्ट हे झाकण राहत नाही. ते मोजता येते.

कारण आदर्श खांब कुठेच नसतो. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई थंड होताना सगळीकडून सारखी थंड होत नाही, त्यामुळे तिच्या पोटात ताण उरतात. बारा मीटरच्या सळया ट्रकवर मावाव्यात म्हणून पुष्कळदा मधोमध दुमडून नेतात. साइटवर त्या सोडून, ठोकून सरळ केल्या जातात. अशी सळई डोळ्यासमोर धरून लांबीच्या रेषेत पाहिली तर दुमडीच्या जागी तिची लहर सहज दिसते. नव्या, न दुमडलेल्या सळईतही मिलिमीटरचा अंश एवढी वक्रता असतेच. ती डोळ्यांना दिसत नाही एवढेच. भारही कधी गणिती मध्यावर पडत नाही.

थॉमस यंगने १८०७ मध्ये दाखवले की अशी मुळातली वक्रता भाराबरोबर कशी वाढते. भार क्रांतिक भाराच्या निम्मा झाला की मधला फुगवटा दुप्पट होतो, ९० टक्क्यांवर दहापट, ९५ टक्क्यांवर वीसपट. एक मिलिमीटरचा बाक असा वीस मिलिमीटरचा होतो. खांबात लहानमोठ्या अनेक लहरी असतात, पण त्यांपैकी संपूर्ण लांबीभर पसरलेली एकच कमान सर्वांत वेगाने वाढते आणि बाकीच्या मागे पडतात. ही कमान ज्या बाजूला आहे त्याच बाजूला खांब जातो. लायब्निझला हवे असलेले पुरेसे कारण इथे आहे. फक्त ते नियमात नसून त्या एका सळईच्या पूर्वेतिहासात आहे.

रिचर्ड साउथवेलने १९३२ मध्ये याची उलट वाट दाखवली. खांब मोडायची गरज नाही. थोडाथोडा भार देत फुगवटा मोजायचा, प्रत्येक फुगवट्याला त्या वेळच्या भाराने भागायचे आणि दोन्हींचा आलेख काढायचा. बिंदू एका सरळ रेषेवर येतात. रेषेच्या चढावरून क्रांतिक भार आणि ती अक्षाला जिथे छेदते तिथून मूळची वक्रता कळते. नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान सांगितले. इथे फुगवट्याच्या वाढीवरून न दिसलेल्या बाकाचे अनुमान होते, तेही मिलिमीटरमध्ये. अदृष्ट हे प्रमाणाने ज्ञात होते, आणि हा बदल लहान नाही.

शंका एक उरते. ती वक्रता तरी का आली? त्यामागे थंड होण्यातला फरक, त्यामागे हवेची झुळूक, त्यामागे आणखी काही. साखळीचे शेवटचे टोक गणिताच्या हाती लागत नाही. ती अनादी मानायची, ईश्वराशी थांबवायची की स्वभावाशी, हा निवाडा दर्शनांचाच आहे. खांबाने फक्त इतके दाखवले आहे की तो निवाडा सळईपाशी नव्हे, पुष्कळ मागे करावा लागतो.

व्यवहाराला त्या निवाड्याची वाट पाहावी लागत नाही. १६०८ मध्ये याच जालना जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दैवाच्या बोलण्यापेक्षा प्रयत्नाला वरचे स्थान दिले. खांबाच्या बाबतीत प्रयत्नाचे रूप म्हणजे रिंग. काँक्रीटच्या खांबातली उभी सळई कुठे झुकेल हे कोणालाच सांगता येत नसले, तरी तिला ठरावीक अंतराने चारी बाजूंनी आवळता येते. मध्ये एक आवळ दिली की मोकळी लांबी निम्मी आणि क्रांतिक भार चौपट. आयएस ४५६ या भारतीय संहितेनुसार रिंगांमधले अंतर खांबाच्या लहान बाजूपेक्षा, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या व्यासाच्या सोळापटीपेक्षा आणि ३०० मि.मी.पेक्षा जास्त नसावे. १२ मि.मी.च्या सळईला सोळापट म्हणजे १९२ मि.मी. एवढ्या लांबीचा क्रांतिक भार वरच्याच सूत्राने सुमारे साडेपाच टन येतो, म्हणजे सळई दबून जाण्याच्या भाराच्या अगदी जवळ. इतक्या आखूड तुकड्याला ऑयलरचे सूत्र काटेकोर लागू होत नाही आणि रिंगांना इतरही कामे असतात. तरी आकड्यांचे हे जुळणे बोलके आहे. बाजूचा प्रश्न न सोडवताच निरुपयोगी केला जातो.

हीच संहिता अपूर्णतेला औपचारिक मान्यताही देते. भार मध्यावर आहे असे गृहीत धरून खांब काढायला ती परवानगी देत नाही. तीन मीटर उंच, ३०० मि.मी. रुंद खांबाला निदान २० मि.मी. सरकलेला भार धरावाच लागतो. ओळंबा कितीही अचूक लावला तरी ही अट सुटत नाही.

बदनापुरावरून जाणाऱ्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गासारख्या मार्गांवर हेच तत्त्व आडवे होऊन दिसते. जोडलेल्या लांब रुळाला उन्हात पसरायला जागा नसते. दर मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचे तापमान बसवतानाच्या पातळीपेक्षा ३० अंशांनी चढले, तर त्यात ५० टनांहून अधिक दाब साठतो. वर-खाली वाकायला रूळ कठीण, म्हणून तो आडवा सरकू पाहतो. डावीकडे की उजवीकडे, ते पुन्हा मूळच्या बारीक बाकावर. स्लीपरभोवतीची खडी दोन्ही बाजूंना भरलेली ठेवणे, हा त्यावरचा एक उपाय.

उरतो दोषाचा प्रश्न, आणि तिथे गणिताचे म्हणणे सर्वांत ठाम आहे. कॅनडात क्वेबेकचा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधतानाच कोसळला आणि ७५ कामगार मेले. दाबाखालचे खालचे भाग बकलिंगने गेले. आधीच्या काही दिवसांत त्यांचा बाक दिसला होता, मोजलाही होता. पण तो अंगचाच आहे की भाराने वाढतो आहे, यावर वाद चालू राहिला. यंगचा नियम तेव्हा शंभर वर्षांचा होता. वाढता बाक हा क्रांतिक भार जवळ आल्याचा पुरावा असतो. पूल कोणत्या अंगाला पडला हे दैवावर टाकता येईल. पडला, हे टाकता येत नाही.

खांबाच्या रिंगा काँक्रीट पडल्यावर झाकल्या जातात आणि मग त्यांचे अंतर साध्या टेपने मोजता येत नाही. घर बांधणाऱ्याने भराईच्या आदल्या दिवशी टेप लावून ते स्वतः मोजून घ्यावे.