मागे घर कोणी सांभाळलं?
(सुट्टीतल्या वाचनाच्या निमित्ताने)



दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही काही जण मिळून दोन-तीन पुस्तकं वाचतो आणि संध्याकाळी त्यावर बोलतो. यंदा तीन जुनी आत्मकथनं घेतली. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’, धर्मानंद कोसंबी यांचं ‘निवेदन’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. पहिल्यात झाशी-ग्वाल्हेरचा मुलूख आहे, दुसऱ्यात गोवा आणि बडोदा, तिसरं तर बऱ्याच घरांत आधीपासूनच होतं. वाचून झाल्यावर लक्षात आलं की तिन्हींत कोणीतरी घर सोडून निघालं आहे, आणि कोणीतरी मागे राहिलं आहे.

गोडसे भटजी 1857 साली वरसईहून निघाले ते पैशासाठी. डोक्यावर कर्ज होतं, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं होतं. वाटेत बंड पेटलं, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, मिळालेलं लुटलं गेलं. शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले आणि आईवडिलांना गंगास्नान घातलं. इथे प्रश्न फारसा उरत नाही. गेले घरासाठी, परतले घराकडे.

कोसंबींचं तसं नाही. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण. मराठीत वाचलेल्या बुद्धचरित्राने मन धरलं आणि 1899 च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते ज्ञानासाठी निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. पुढे सयाजीराव महाराजांनी महिना पन्नास रुपये दिले, ते महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत म्हणून. आज मराठीत बौद्ध वाङ्मय आहे त्यात त्यांचा वाटा केवढा, हे सांगायला नकोच.

आमच्यात इथेच दोन तट पडले. काही म्हणाले, ते गेले नसते तर मराठी माणसाचं नुकसान झालं असतं, म्हणून जाणं योग्यच. ऐकायला बरोबर वाटतं, पण एक अडचण आहे. फळ नंतर दिसतं. उंबरठा ओलांडताना ते कोणालाच माहीत नसतं. त्याच ओढीने निघालेले आणि हाती काहीच न लागलेले कितीतरी असतील, त्यांचं नावही उरलं नाही. मग यशावरून जाण्याची योग्यता कशी ठरवायची? आणि नुसती ओढ खरी होती म्हणून योग्य म्हणावं, तर बाळाबाईंच्या वाट्याला आलेली वर्षं हिशोबात कुठे धरायची? त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. कोसंबी पुढे 1918 मध्ये अमेरिकेला निघाले तेव्हा माणिक आणि दामोदर या मुलांना बरोबर घेऊन गेले. ते वाचून बरं वाटलं, पण मधली वर्षं काही परत येत नाहीत.

मागे राहिलेल्या माणसाचा आवाज मिळतो तो ‘स्मृतिचित्रे’त. 1895 साली ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो त्यांचा सत्याचा शोध होता, पण आकाश कोसळलं ते लक्ष्मीबाईंवर. गंमत म्हणजे त्या रडगाणं गात नाहीत, स्वतःलाही हसतात. 1900 मध्ये त्यांनी दीक्षा घेतली, ती स्वतः विचार करून, सोवळंओवळं मनातून गळून पडल्यावर. नवऱ्यामागे त्या फरफटत गेल्या नाहीत. आपल्या पायांनी, आपल्या वेळेला गेल्या.

हे सगळं आपल्याला का सांगायचं? आपल्यातलं कोणी कोसंबी नाही. पण उत्सवाला आठ दिवस, सेवेला महिनाभर आपण जातोच. मागे कोणी आजारी सासऱ्यांचं बघतं, कोणी मुलांची परीक्षा सांभाळतं. आपण परत आलो की म्हणतो, “घर सांभाळणं हीसुद्धा साधनाच आहे हो.” वाक्य खरं आहे. पण ते म्हणण्याचा हक्क घर सांभाळणाऱ्याचा. जाणाऱ्याने म्हटलं की ती साधना राहत नाही, सोय होते.

बोलता बोलता आमचं एवढ्यावर एकमत झालं. निघण्याआधी नुसतं सांगायचं नाही, विचारायचं. आणि “नाही” हे उत्तर येऊ शकतं अशा रीतीने विचारायचं. दुसरं, पुढच्या वेळी पाळी बदलायची. ज्याने यंदा घर सांभाळलं त्याने जायचं, आपण पोळ्या लाटायच्या. एवढं करूनही कधी कोणाला आतून अशी हाक येईल की विचारायला थांबताच येणार नाही. तसं झालं तर जावं, पण मागच्यांचं ऋण आपल्यावर आहे हे मनात पक्कं धरून जावं. देवाच्या नावाने ते आपोआप फिटत नाही.

तुमच्या घरी मागे कोण राहतं? हा लेख आधी त्यांना वाचायला द्या. त्यांना काय वाटलं ते त्यांच्याच शब्दांत कळवा, पुढच्या अंकात घेऊ.

आपले,
वाचन मंडळातील साधक