शिकणारा हात लपवू नका

पित्ताशयातले खडे काढायला सरकारी रुग्णालयात भरती झालेल्याचे नातेवाईक हमखास विचारतात, "ऑपरेशन मोठे डॉक्टरच करणार ना?" तितकेच हमखास उत्तर मिळते, "हो हो, काळजी करू नका." हे बहुतेकदा अर्धसत्य असते. दुर्बीण धरणारा, कधी क्लिप लावणाराही, रेसिडेंट म्हणजे शिकणारा डॉक्टर असतो.

त्यात वावगे काही नाही. १९९० साली डॉ. उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. आज ती लहान शहरांतही होते, कारण मधल्या पिढ्या रुग्णांवरच शिकल्या. परदेशातल्या मोठ्या पाहण्यांत एकंदरीत हेच दिसते की देखरेखीखाली रेसिडेंटने शस्त्रक्रिया केली तर वेळ जास्त लागतो, गंभीर गुंतागुंत सहसा वाढत नाही.

सगळी भिस्त त्या देखरेखीवर आहे. या शस्त्रक्रियेत हात डावीकडे नेला की अवजाराचे टोक उजवीकडे जाते आणि सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज चुकतो. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर रुग्ण वर्षानुवर्षे भोगतो. म्हणून पित्ताशयात शिरणारी नळी आणि धमनी, या दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याखेरीज कात्री चालवायची नाही, असा दंडक आहे. त्या क्षणी वरिष्ठ पडद्यासमोर हवेत. ते ओपीडीत असतील तर ती देखरेख कागदावरची.

शिवाय, पहिली गाठ गरिबाच्याच पोटात का मारायची? ट्रेनर बॉक्सवर मणी उचलून, टाके घालून हात बसवता येतो. तो सराव पुरा झाल्याशिवाय थिएटरमध्ये अवजार हाती देऊ नये. शिकवण्याचा भारही फक्त सरकारी खाटांवर नको. पैसेवाल्यांवर उपचार करणारे डॉक्टरही तिथेच घडले आहेत.

आणि रुग्णाला खरे सांगा. संमती पुरेशा माहितीवर आधारलेली हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच बजावले आहे. अंगठा घेण्यापूर्वी "आमचे शिकणारे डॉक्टर हात लावतील, मी शेजारी उभा राहीन" हे एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

वाचकहो, तुम्हीही "शिकाऊ नको" असा हट्ट धरू नका. शिकवणारे शेजारी असतील का, एवढे मात्र ठामपणे विचारा.