मॅनेजरबाईस पत्र

वाशीम

चि. भाचीस,


रिसोडकडच्या शेतकरी कंपनीनं तुला मुख्य कार्यकारी अधिकारी नेमल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. लोक तुला मॅनेजरबाईच म्हणणार, तेव्हा मीही तेच म्हणतो.

तुझ्या खुर्चीची अडचण कायद्यातच आहे. २००३ पासून आपल्याकडे शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते. दहा शेतकरी पुरतात, संचालक पाच ते पंधरा, आणि शेअर कमी असोत की जास्त, सभासदाला मत एकच. मुख्य कार्यकारी अधिकारी मात्र पूर्णवेळ आणि सभासदांबाहेरचाच लागतो. म्हणजे पोतं घेऊन तुझ्यासमोर रांगेत उभा असलेला माणूस तुझा मालक, आणि त्याला नाही म्हणायचं काम तुझं. कारखान्याच्या एमडीला निदान केबिन असते. तुझं टेबल गोदामाच्या दारात.

खरा प्रसंग ओलाव्याच्या यंत्रापाशी येईल. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ च्या हंगामात केंद्रानं तो पंधरापर्यंत चालवून घेतला. तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटतं, की हा आकडा म्हणजे साहेबाची मर्जी. २०२५-२६ साठी क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाले. त्या भावाच्या आशेनं आलेला माल चौदा टक्के भरला म्हणून परत न्यायचा, तर ट्रॅक्टरचं भाडं बुडतं, दिवस जातो, आणि शेजाऱ्यांसमोर मान खाली जाते ती वेगळीच. ‘काहून परत पाठवता, बाई?’ असं तो ओरडणारच. तेव्हा परिपत्रक त्याच्या तोंडासमोर धरू नकोस. नमुना त्यालाच काढू दे, यंत्र त्याच्याकडे फिरव, आकडा त्यालाच वाचू दे. मग अंदाजे किती दिवस वाळवावं लागेल आणि परत आल्यावर नंबर कुठं लागेल, ते तिथंच सांग. माणूस नकार पचवतो. पुढं काय करायचं ते कुणीच सांगत नाही, तेव्हा त्याचा आवाज चढतो.

बारदान्याचंही तसंच. तो संपत आल्याचं तुला आधी कळतं. त्याच दिवशी ग्रुपवर टाक, आणि साधा फोन असलेल्यांना स्वतः फोन लाव. तू दडवलेली बातमी टपरीवर पोचतेच, फक्त तिखटमीठ लावून.

हमालांकडे विशेष लक्ष दे. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, १९६९ मध्ये राज्यानं माथाडी कायदा केला, तरी हमालाला नावानं हाक मारणारा मॅनेजर अजून विरळाच. (‘ए’ म्हणून ओरडण्यात कसला अधिकार दिसतो कोण जाणे.) थप्पी कुठं लावावी, पाऊस आला तर कुठली पोती आधी हलवावी, हे त्यांना विचारत जा. त्यांना ते तुझ्याहून चांगलं कळतं.

पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेत प्रशिक्षणाला पाठवत असतील तर जरूर जा. ताळेबंद वाचता आला नाही तर संचालकांसमोर नुसतं गोड बोलून भागत नाही.

सभा सकाळी अकराला ठेवू नकोस. सोंगणीच्या दिवसांत त्या वेळी सभासद बाया वावरात असतात, आणि मग त्यांच्या नावावर पुरुषच बोलून जातात. संध्याकाळी सातला ठेव. काही जण कुरकुरतील. कुरकुरू दे.

राहता राहिले अध्यक्ष. त्यांच्या नात्यातली ट्रॉली रांग सोडून पुढं येणार, हे धरूनच चाल. गेटवर चारचौघांत अडवलीस तर त्यांचा अपमान होईल, सोडलीस तर रांगेतला कुणी तुझं ऐकणार नाही. म्हणून खरेदी सुरू व्हायच्या आधी त्यांच्या घरी जा, चहा घे, आणि पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचाच माल रांगेत लावावा, अशी विनंती कर. ते काय म्हणाले, ते मला कळव.

तुझा मामा