परदेशात आधी दिसते ते नसलेलेच

नव्याने परदेशी, समजा पुण्याहून जर्मनीला, गेलेल्या माणसाचे पहिल्या आठवड्यातले फोन आठवून पाहा. रस्त्यावर हॉर्न नाही, शेजारचे दार कधी उघडे नाही, सकाळी कुठल्याच घरातून कुकरची शिट्टी नाही. उलट बाजूही आहे. मुळशी खोऱ्यातल्या टेकडीवर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालते. देशोदेशीची सोळा-सतरा वर्षांची मुले तिथे दोन वर्षे राहायला येतात. त्यांतल्या एखाद्या नॉर्वेच्या मुलाला पौडच्या बाजारात पहिल्यांदा काय जाणवेल? फुटपाथ नाही, रांग नाही, आणि ‘गाव कुठलं, घरी कोण कोण असतं’ या चौकशीतून सुटका नाही. दोन्ही याद्या ‘नाही’च्या. मग यांना ज्ञान म्हणायचे का, आणि म्हणायचे तर कशाचे?

आपल्या दर्शनकारांनी या ‘नाही’वर बरीच डोकेफोड केली आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ म्हणजे न आढळणे हे ज्ञानाचे वेगळे प्रमाण मानतात. नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. तो वाद राहू दे. ज्याचा अभाव कळतो तो ‘प्रतियोगी’ आधी ठाऊक असावा लागतो, यावर मात्र त्यांचे भांडण नाही. घडा कधी न पाहिलेल्याला ‘इथे घडा नाही’ हे कळणारच नाही. म्हणजे ‘हॉर्न नाही’ हे जर्मनीबद्दल खरे असले, तरी त्यातला हॉर्न पुण्याचा आहे. पहिली छाप खोटी नसते. ती बव्हंशी सोडून आलेल्या घराची असते.

यावर कोणी म्हणेल, पंडिता रमाबाईंनी अमेरिकेची लोकस्थिती इतकी बारकाईने लिहिली, ती काय घराची हकीकत? पण ते पुस्तक १८८९चे; त्याआधी बाईंनी त्या देशात दोन वर्षांहून अधिक काळ हिंडून, संस्था पाहून काढला होता. ती पहिली छाप नव्हेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परक्याची नजर ताजी असते, रहिवाशाला सवयीने न दिसणारे तिला दिसते. दिसते, खरे आहे. मुळशी धरणाच्या काठी पावसाळ्यात उभा राहिलेला पाहुणा पाणी, धुके, ताम्हिणीकडचे धबधबे डोळे भरून पाहतो, आणि त्यात खोटे काही नाही. पण १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तरी धरण झाले, मुंबईला वीज गेली, आणि गावे, शेते, देवळे पाण्याखाली गेली. ज्याच्या आजोबांचे शेत तळाशी आहे त्याला त्याच पाण्यात ते नसलेले दिसते. पाहुण्याकडे त्या शेताची आठवणच नाही, तर अभाव कळणार कसा? ताजी नजर जे आहे ते टिपते. तिथून काय गेले, ते तिच्या आवाक्यात येत नाही.

म्हणून परदेशातल्या पहिल्या महिन्याची टिपणे जरूर ठेवावीत, पण त्यांवरून त्या देशाचा निकाल देऊ नये. तिथल्या माणसांना काय हरवल्यासारखे वाटते हे आपल्याला सांगता येत नाही, तोवर तो देश आपण पाहिलेला नसतो.